हर्मिट क्रॅबच्या टँकमधला खाऱ्या पाण्याचा डबा: सेटअप करण्याआधी हे वाचा

आमच्याकडून टँक घेऊन गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा दोन-चार दिवसांत हाच मेसेज येतो, की गोड्या पाण्याची वाटी ठेवलीये ना, मग परत खारं पाणी कशाला? प्रत्येकाला वेगळं टाइप करण्यापेक्षा एकदाच नीट लिहून देतोय.

हर्मिट क्रॅब, म्हणजे शंखात राहणारा हा खेकडा, जमिनीवर राहत असला तरी श्वास कल्ल्यांनीच घेतो आणि ते कल्ले सतत ओले लागतात. शिवाय शंखाच्या आत तो थोडं पाणी भरून घेऊन फिरत असतो, कधी खारं, कधी गोडं, आणि त्यातूनच अंगातलं मिठाचं प्रमाण स्वतःच जुळवतो. आपण एकच वाटी ठेवली की ते त्याच्या हातातच राहत नाही. म्हणून दोन्ही डबे हवेत, आणि दोन्ही असे खोल की तुमचा सगळ्यात मोठा खेकडा शंखासकट बुडेल. बशीभर पाणी ठेवून उपयोग नाही.

डबा साधा प्लास्टिकचा चालतो, आमच्याकडे तोच आहे, आणि हो आम्ही त्याला पूल वगैरे न म्हणता डबाच म्हणतो. धातूचं काही नको, खाऱ्या पाण्यात गंजतं, आणि तांबं तर खेकड्यांना विषच. वाळूत नुसता खुपसून ठेवलात तर खेकडे खालून उकरून तो तिरका करतात, म्हणून खाली मजबूत आधार द्या. बाहेर यायला तळापासून काठापर्यंत प्लास्टिकची जाळी लावा किंवा दगडांची पायरी करा, गुळगुळीत भिंतीवर त्याला चढता येत नाही. तो पाण्याखाली बराच वेळ आरामात बसतो हे खरंय, पण बाहेरच पडता आलं नाही तर बुडून मरतो.

आता मीठ. इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. स्वयंपाकातलं मीठ नको म्हणजे नकोच. आणि ज्या पाकिटावर नुसतं ॲक्वेरियम सॉल्ट लिहिलंय तेही नको, ते गोड्या पाण्यातल्या माशांसाठी असतं, बहुतेक वेळा निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियमही असतं, म्हणून समुद्री माशांच्या टँकसाठीचं मरीन सॉल्टच आणा. लिटरला साधारण 35 ग्रॅम पडतं, पाकिटावर वेगळा आकडा असेल तर तो धरा. नळाच्या पाण्यात आधी डीक्लोरिनेटर, म्हणजे क्लोरीन काढणारं औषध, टाका. नुसतं रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन जाईलही, पण पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते तसं जात नाही. मग पाण्यात मीठ टाकून ढवळा, एक दिवस तसंच राहू द्या आणि नंतर हायड्रोमीटरने किंवा रिफ्रॅक्टोमीटरने (खारटपणा मोजायची साधनं) मोजा, विशिष्ट गुरुत्व, म्हणजे साध्या पाण्याच्या तुलनेत घनता, 1.021 ते 1.026 च्या मध्ये आलं की झालं. चव बघून अंदाज घेणारे कस्टमर आहेत आमचे, प्लीज नको.

बबलर, म्हणजे पंपाच्या हवेने पाण्यात बुडबुडे सोडणारी नळी, लावलात तर उत्तम, पाणी साचून वास मारत नाही आणि टँकमध्ये दमटपणा टिकतो, जो तसाही 80 टक्क्यांच्या आसपास लागतोच. फक्त एअर पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा नाहीतर नळीत चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवा. आमच्या पहिल्याच टँकला हे केलं नव्हतं, रात्री लाइट गेली आणि अर्ध्या डब्याचं पाणी नळीतून उलटं येऊन पंपात शिरलं, पंप गेला तो गेलाच. बुडबुडे फार जोरात सोडू नका, पाणी उडून वाळू भिजत राहते.

फिल्टर नसेल तर दर दोन-तीन दिवसांनी पाणी पूर्ण बदला, नवीन पाणी टँकइतकंच कोमट असू द्या. मधल्या दिवसांत पातळी खाली गेली तर वरून गोडं पाणीच घाला, कारण वाफ पाण्याची होते, मीठ मागेच राहतं, खारं ओतत गेलात तर आठवड्याभरात ते समुद्रापेक्षा खारट होऊन बसेल. काठावर पांढरा थर जमतो तो मिठाचाच आहे, बुरशी समजून घाबरू नका, ओल्या कपड्याने पुसून टाका.

अजून एक, खेकडे डब्यातनं निघताना पाणी सोबत घेऊन येतात आणि ते हळूहळू तळाशी उतरतं. त्यामुळे काचेतून खालची वाळू अधूनमधून बघत जा, पाणी साचलेलं दिसलं तर बबलर कमी करा, डबे थोडे कमी भरा. वाळू उपसायची घाई मात्र करू नका, खाली कोणी कात टाकत बसला असेल तर त्याला तेवढा धक्काही पुरतो. वास यायला लागला किंवा तळाशी पाणी वाढतच चाललं तर आधी फोटो पाठवा, मग ठरवू.