१९३० ला फोन केला म्हणजे केस झाली नव्हे

‘केस केलीय की, १९३० वर!’ ऑनलाइन गेमात पैसे घालवून बसलेला बेळगाव जिल्ह्यातला, खानापूर-निपाणीकडचा माणूस हे इतक्या ठामपणे सांगतो की ऐकणाराही मान डोलावतो. मग तो महिनाभर पोलिसांच्या फोनची वाट बघतो. फोन येत नाही, कारण केस झालेलीच नसते. १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर. त्यावरची तक्रार वेगळी, एफआयआर वेगळा. पहिली केली म्हणून दुसरा आपोआप झाला असेल असं धरून बसू नये.

एफआयआर सगळ्यांना माहीत आहे. बांधाच्या भांडणापासून गाडीचोरीपर्यंत कशासाठी तरी घरातलं कुणी ना कुणी ठाण्याची पायरी चढलेलं असतं. लिहून द्यायचं, सही करायची, गुन्हा क्रमांक आणि कलमं घातलेली प्रत फुकट घेऊन यायचं.

घोळ होतो तो १९३० चा. हा नंबर पोलीस उचलतात, म्हणून लोकांना ते ठाणंच वाटतं. प्रत्यक्षात ते पैसे अडवण्याचं यंत्र आहे, गुन्हेगार पकडण्याचं नव्हे. तुमचे दहा हजार ज्या खात्यात गेले ते खातं बहुतेक वेळा कुणाच्या तरी नावावर भाड्याने घेतलेलं असतं. तिथून ते दोन-तीन खात्यांत फुटतात, तिथून पुढे, आणि शेवटी एटीएममधून निघतात किंवा क्रिप्टोत जातात. फोन घेणारा तुमचा व्यवहार केंद्रीय गृहखात्याच्या प्रणालीत भरतो. तो निरोप त्या बँकेला जातो. खात्यात काही उरलं असेल तर बँक तेवढ्यावर होल्ड लावते, पुढे गेलं असेल तर पुढच्या बँकेला कळवते. बस्स, काम एवढंच. कोण, कुठला, त्याला अटक कधी, हे त्यात येत नाही.

म्हणून इथे वेळेला किंमत आहे. ‘आधी वकिलाला विचारतो, मग करतो’ म्हणणारा पैसे पुढच्या खात्यात ढकलायला मदतच करत असतो. बसल्या जागेवरून फोन लावा. गेमवाल्यांनी महिनाभरात चाळीस वेळा थोडे थोडे काढलेले असतात, तेव्हा सुरुवात पहिल्या व्यवहारापासून करू नका, शेवटच्यापासून करा. जुने पैसे केव्हाच पसार झालेले असतात, सापडले तर कालचे सापडतील. प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) हाताशी हवा. यूपीआयचा यूटीआर १२ अंकी असतो. फोनपेमध्ये ‘टी’ने सुरू होणारा लांबलचक ट्रान्झॅक्शन आयडी दिसतो, तो यूटीआर नव्हे, त्याच पानावर यूटीआर वेगळा लिहिलेला असतो. लोक हटकून चुकीचा सांगतात, आणि बँकेला व्यवहार शोधायला उशीर होतो. फोननंतर पोचक्रमांक येतो. तो घेऊन २४ तासांच्या आत सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार पूर्ण भरायची. राज्य निवडताना कर्नाटक, जिल्हा बेळगाव. सिमकार्ड कोल्हापुरात घेतलं म्हणून महाराष्ट्र निवडू नका, नाहीतर कागद सीमेच्या पलीकडे फिरत बसतो.

आता खरी मेख. होल्ड लागला म्हणजे पैसे परत आले नव्हेत. ते समोरच्याच्या खात्यात अडकून पडलेत, एवढाच त्याचा अर्थ. मोठी रक्कम सोडवून घ्यायला साधारणपणे न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि तो अर्ज एफआयआर हातात असला की सरळ चालतो. कोर्टात येऊन नुसता पोचक्रमांक पुढे करणाऱ्याला पुन्हा ठाण्याकडे पाठवलं जातं, मधले महिने फुकट गेलेले. ‘तीन दिवसांत कळवलं की बँक भरून देते’ हाही असाच एक फॉरवर्ड. रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा तो नियम तुम्ही न केलेल्या व्यवहारांसाठी आहे. पिन स्वतः दाबून पैसे पाठवलेत तर तो तुमच्या कामाचा नाही.

एफआयआरसाठी सायबर गुन्ह्यांचं ठाणं म्हणजे सीईएन. बेळगाव शहराचं वेगळं, जिल्ह्याचं वेगळं. चिकोडी-निपाणीवाल्याने शहराच्या ठाण्यात जाऊन हेलपाटा घालू नये. तरी हद्दीचं कारण सांगून कुणी परत पाठवू शकत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. नाहीच घेतली तर तीच माहिती लेखी, पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा. त्यानेही हललं नाही तर न्यायदंडाधिकारी आहेत.

‘जुगार खेळलो, मलाच आत टाकतील’ ही भीती बहुतेकांना ठाण्यापासून लांब ठेवते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यात चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. (ओसी मटक्याचं तसं नाही. तिथे कर्नाटक पोलीस कायदा आहे, त्याच्याशी गल्लत नको.) पण तक्रारीत ‘मी हरलो’ एवढंच लिहू नका. हरणं हा गुन्हा नाही, फसवणं हा आहे. स्क्रीनवर तीन लाख शिल्लक दिसत होती, काढायला गेल्यावर ‘आधी ३० टक्के टॅक्स भरा’ म्हणाले, भरल्यावर आयडी बंद झाला, असं क्रमाने लिहा. जिंकलेल्या रकमेवरचा कर ती रक्कम देणारा स्वतःच कापून घेतो, तो आगाऊ मागितला जात नाही. या एका ओळीवर फसवणुकीचं कलम उभं राहतं.

एफआयआर बहुधा कन्नडमध्ये लिहिला जातो. वाचता येत नसेल तर लाजू नका, वाचून दाखवणं कायद्यातच आहे. मराठीत अर्थ विचारा, पण डोळे आकड्यांवर ठेवा: रक्कम, खाते क्रमांक, यूटीआर, आणि १९३० चा पोचक्रमांक त्यात आलाय का. नसेल तर आधी घालून घ्या, मग सही.