हाफ मॅच ट्रान्सप्लांट आणि एनके सेल्स : उंदरांमधल्या एका कोड्यापासूनची पार्श्वभूमी

हाफ मॅच बोनमॅरो ट्रान्सप्लांटचा, म्हणजे डोनरच्या पेशींवरच्या खुणा पेशंटशी निम्म्याच जुळतात अशा ट्रान्सप्लांटचा विषय निघाला की आजकाल एनके सेल्सचं, म्हणजे नॅचरल किलर सेल्स या रक्तातल्या मारेकरी पेशींचं नाव येतंच. कोणी सांगतं डोनरची केआयआर टेस्ट (केआयआर म्हणजे एनके सेल्सवरचे, खुणा वाचणारे रिसेप्टर) करून घ्या, कोणी सांगतं त्याने काही फरक पडत नाही, आणि दोघांकडेही दाखवायला चांगल्या जर्नलमधले स्टडीज असतात. घरात पेशंट असलेल्या माणसाने यातून काय समजायचं? मला वाटतं हा गोंधळ सुटायचा तर पार मागे, उंदरांपर्यंत जावं लागतं.

उंदरांच्या शुद्ध जातींवर ट्रान्सप्लांटचे प्रयोग करणाऱ्यांनी एक नियम बसवला होता. दोन वेगळ्या जातींच्या आईबापांच्या पिल्लात दोघांच्याही पेशींवरच्या खुणा असतात, त्यामुळे आईची किंवा बापाची कातडी पिल्लाला लावली तर त्याला त्यात परकं असं काही दिसत नाही आणि ती टिकते. कातडीने हा नियम पाळला, बोनमॅरोने नाही पाळला. 1964 मध्ये गुस्ताव्हो कुडकोविच आणि जॅक स्टिम्पफ्लिंग यांनी दाखवलं की सी57ब्लॅक जातीची मॅरो तिच्याच संकरित पिल्लाला दिली तर ती नीट वाढत नाही. प्रयोग असा, की पिल्लाला आधी जबरदस्त रेडिएशन देऊन त्याची स्वतःची मॅरो संपवायची, मग शिरेतून नवीन मॅरो सोडायची आणि काही दिवसांनी त्याची प्लीहा काढून बघायची की तिथे पेशींची वाढ सुरू झालीये का, कारण उंदरात नवीन मॅरो प्लीहेतही रुजते. पुढे यासाठी वाढणाऱ्या पेशी शोषून घेतात असा रेडिओॲक्टिव्ह पदार्थ वापरायला लागले, वाढ असेल तर मशीनवर आकडा चढतो, नसेल तर नाही. या पिल्लांमध्ये आकडा पडलेलाच.

खरं कोडं पुढेच आहे. रेडिएशनने टी सेल्स, म्हणजे परकं ओळखून हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी, तर गारद झालेल्या, शरीराला त्या मॅरोची आधी ओळख नाही, आणि तरी काही दिवसांत ती नाकारली जाते, म्हणजे हे काम करतंय कोण? कुडकोविच आणि मायकेल बेनेट यांनी 1971 पर्यंत यावर खूप बारकाईने काम केलं, आणि मॅरोच्या पेशींवर काही खास वेगळ्या खुणा असाव्यात असा अंदाज बांधला. या गोष्टीला हायब्रिड रेझिस्टन्स म्हणतात. बऱ्याच जणांनी ते उंदरांमधलं विचित्र अपवादात्मक प्रकरण म्हणून बाजूला ठेवलं, आणि मला विचाराल तर या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त वेळ इथेच वाया गेला.

दुसरीकडे कॅन्सरवर काम करणाऱ्यांना वेगळाच त्रास होत होता. ट्यूमरविरुद्ध तयार केलेल्या उंदरांच्या पेशी ट्यूमर मारतात हे अपेक्षित, पण ज्या उंदरांना काहीच दिलेलं नाही त्यांच्याही पेशी मारत होत्या. आधी ही प्रयोगातली गडबड वाटली, मग 1975 मध्ये स्टॉकहोमला रॉल्फ किस्लिंग, एव्हा क्लाइन आणि हान्स विगझेल, आणि अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमनचा ग्रुप, दोघांनीही सांगितलं की ही वेगळीच पेशी आहे. 1977 मध्ये किस्लिंग आणि सहकाऱ्यांनी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघितल्या तर ज्या जातींमध्ये या पेशी जोरात त्याच मॅरोही जोरात नाकारतात, आणि दोन्ही गुण पिल्लाच्या साधारण त्याच वयात येतात. कुडकोविचचं कोडं आणि ही नवीन पेशी एकच निघाली.

पण पेशी ओळखते कशी? याचं उत्तर क्लास कारेने दिलं आणि ते मला अजूनही फार सुंदर वाटतं. टी सेल परकी खूण शोधते, एनके सेल आपली खूण आहे ना ते बघते, आणि ती सापडली नाही तर मारते. 1986 मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ट्यूमरच्या पेशींवरून या खुणा गेल्या की एनके सेल्स त्यांना उंदरात टिकू देत नाहीत. पिल्लाची एनके सेल आईबाप दोघांच्या खुणा शोधते, एकट्या बापाच्या मॅरोवर आईची खूण नसते, संपलं. नंतर 1992 मध्ये वेन योकोयामाच्या ग्रुपने उंदरात ही खूण वाचणारा रिसेप्टर दाखवला, आणि माणसातलं काम इटलीत आलेस्सांद्रो मोरेत्ताच्या ग्रुपने पुढे नेलं, तेच आपले केआयआर. ते एचएलएच्या, म्हणजे माणसाच्या पेशींवरच्या ओळखीच्या खुणांपैकी, काही ठराविक खुणा वाचतात, त्या दिसल्या की एनके सेलला ब्रेक लागतो. केआयआरचे जीन्स 19 नंबरच्या क्रोमोसोमवर आणि एचएलएचे 6 नंबरच्या, त्यामुळे एचएलए पूर्ण जुळणाऱ्या भावंडांचे केआयआर मात्र वेगळे असू शकतात.

आता माणसांच्या ट्रान्सप्लांटकडे. डोनरच्या टी सेल्स पेशंटच्या शरीरावर उलटतात ती जीव्हीएचडी, आणि हाफ मॅचमध्ये ती भयंकर असायची. टी सेल्स काढून टाकल्या तर मॅरो नाकारली जायची आणि ल्युकेमिया परतायचा धोकाही वाढायचा. इटलीत पेरुजियाला फ्रांको आव्हेर्सा, मास्सिमो मार्तेल्ली आणि आंद्रेया व्हेलार्दी यांनी टी सेल्स जवळजवळ सगळ्या काढून स्टेम सेल्सचा प्रचंड मोठा डोस द्यायला सुरुवात केली आणि मॅरो रुजायला लागली. मग ल्युकेमियाला रोखणार कोण, तर 2002 मध्ये लोरेदाना रुज्जेरी आणि सहकाऱ्यांनी दिलेलं उत्तर म्हणजे डोनरच्या एनके सेल्स. इथे दिशा उलटी आहे हे नीट लक्षात घ्या, उंदरात पेशंटच्या एनके सेल्स मॅरो मारत होत्या, इथे डोनरच्या एनके सेल्स पेशंटचा ल्युकेमिया मारतायत, कारण त्यांना हवी ती खूण पेशंटच्या पेशींवर नाही. एएमएल या ल्युकेमियाच्या प्रकाराच्या 57 पेशंटमध्ये अशी तफावत नसलेल्यांचा 5 वर्षांत आजार परतण्याचा अंदाज 75 टक्के, तफावत असलेल्यांचा 0. मोठ्या माणसांच्या एएलएल या दुसऱ्या प्रकारात फायदा दिसला नाही. उंदरांच्या प्रयोगात तर या पेशींनी पेशंटच्या डेंड्रिटिक सेल्सच, म्हणजे टी सेल्सना चिथावून जीव्हीएचडी पेटवणाऱ्या पेशीच, मारल्या, म्हणजे जीव्हीएचडीसुद्धा कमी.

असा निकाल आल्यावर सगळे आपापला डेटा उघडून बसले आणि तिथून वाद सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मिनेसोटाहून अनरिलेटेड (नात्यात नसलेल्या) डोनरवाल्या, टी सेल्स न काढलेल्या ट्रान्सप्लांटचा रिपोर्ट आला, त्यात फायदा नव्हता. 2003 मध्ये पोलंड आणि इटलीमधून एटीजी (टी सेल्स कमी करणारं औषध) दिलेल्या पेशंटचा आला, त्यात होता. मग अमेरिकेतल्या सेंट ज्यूड हॉस्पिटलच्या ग्रुपने हिशोबाची पद्धतच बदलली, मिनेसोटाच्या सारा कूली आणि सहकाऱ्यांनी डोनरचा केआयआर बी हॅप्लोटाइप (केआयआर जीन्सचा एक ठराविक संच) बघा म्हणून सांगितलं, तर 2020 मध्ये जर्मनीतून आलेल्या मोठ्या पडताळणीत डोनर निवडायची दोन प्रसिद्ध मॉडेल्स टिकली नाहीत. मला यात कोणी खोटं बोलतंय असं वाटत नाही, ट्रान्सप्लांटच वेगवेगळे होते. ग्राफ्टमध्ये, म्हणजे डोनरकडून दिलेल्या पेशींमध्ये, टी सेल्स भरपूर असतील तर एनके सेल्सची वाढ आणि तयारी वेगळी होते. आज हाफ मॅचमध्ये खूप ठिकाणी ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे केमोचं औषध देतात, ते वाढत्या टी सेल्स मारायला असतं पण वाढत्या एनके सेल्सही त्यात जातात, मिलानच्या ग्रुपने 2018 मध्ये हे दाखवलं. मग पेरुजियाचा आकडा अशा पेशंटला जसाच्या तसा कसा लावणार? याउलट फक्त अल्फा-बीटा टी सेल्स (जीव्हीएचडी करणारा टी सेल्सचा प्रकार) काढायच्या पद्धतीत डोनरच्या तयार एनके सेल्स ग्राफ्टमध्ये राहतात. त्यामुळे केआयआर रिपोर्ट हातात आला तर डॉक्टरांना आधी हे विचारा की आपला प्रोटोकॉल यातला कुठला.

एनके सेल्स वेगळ्या काढून द्यायचा विचारही यातूनच आला. 2005 मध्ये जेफ्री मिलरच्या ग्रुपने ट्रान्सप्लांट न करता नातेवाईकांच्या हाफ मॅच एनके सेल्स दिल्या, अवघड एएमएलच्या 19 पैकी 5 पेशंटमध्ये आजार पूर्ण आटोक्यात आला. 2020 मध्ये केटी रेझवानी आणि सहकाऱ्यांनी नाळेच्या रक्तातल्या एनके सेल्सना कार रिसेप्टर (कॅन्सरची पेशी ओळखणारा, लॅबमध्ये बनवलेला रिसेप्टर) बसवून लिम्फोमा आणि सीएलएल या रक्ताच्या कॅन्सरच्या 11 जणांना दिल्या, 8 जणांना गुण आला आणि जीव्हीएचडी एकालाही झाली नाही. एचएलए पूर्ण न जुळणाऱ्या डोनरच्या पेशी होत्या त्या.