टाकाऊ प्लास्टिकच्या पिशव्या (पुणे)

वापरून फेकलेली वेष्टने, कॅरीबॅग, जुन्या कॅसेटची फीत, फ्लेक्स, टायरच्या ट्यूब यांपासून केलेल्या पिशव्या, पर्स, पाकिटे आणि त्यांचा पुण्यात रुजलेला व्यवसाय. रिसायकलिंगमध्ये प्लास्टिक वितळवून त्याचे दाणे करतात. इथे बहुधा ते न वितळवता कापून, विणून, शिवून वापरतात. याला अपसायकलिंग म्हणतात.

टाकाऊला दुसरा जन्म देणे आपल्याला नवे नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी होई, उरलेले कपडे बोहारणीकडे जात. पण गोधडी घरच्यांसाठी असे. ही पिशवी मात्र अनोळखी गिऱ्हाइकाला दुकानात आवडावी लागते. फॅशनच्या जगात अशा मालाला मान मिळवून देण्यात झुरिकच्या फ्रायटाग बंधूंचा वाटा मोठा. १९९३ मध्ये त्यांनी ट्रकच्या जुन्या ताडपत्रीपासून पिशव्या शिवायला सुरुवात केली. त्याच वर्षी पुण्यात कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्यातूनच पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था आली. पुण्यातल्या या व्यवसायाचा विचार या कचरावेचक बायकांपासूनच सुरू करायला हवा. धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी रद्दीवाला घेतो. चिप्सचे पाकीट सहसा कोणी घेत नाही. त्यात प्लास्टिकचे पापुद्रे आणि धातूचा पातळ थर एकमेकांना असे चिकटलेले असतात की वेगळे करणे परवडत नाही. भंगारात भाव नसलेली नेमकी हीच वस्तू मागावर उपयोगी पडते.

अमिता देशपांडे यांच्या पुण्यातील ‘रीचरखा’ या उपक्रमाने हे विणकाम लोकांपुढे आणले. पाकिटे आधी रंगांप्रमाणे निवडायची, धुवायची, वाळवायची. मग कात्रीने लांब पट्ट्या कापायच्या, त्या चरख्यावर गुंडाळायच्या आणि हातमागावर विणायच्या. उभा ताणा सुताचा, आडवा बाणा प्लास्टिकचा. विणताना रंग जुळवणे हेच खरे कसब, कारण रंगवायची सोय नाही. पाकिटाचा असेल तोच रंग. तयार कापड जवळून पाहिले तर साबणाच्या पुड्याच्या निळ्यात एखादे तुटके अक्षर दिसते, मध्येच चिप्सच्या पाकिटाची आतली चंदेरी बाजू चमकते. दोन पिशव्या कधीच तंतोतंत सारख्या होत नाहीत. निवडण्यापासून विणण्यापर्यंतचे काम हाताचे असल्याने पिशवी महाग वाटते, पण ती किंमत मजुरीची आहे आणि ती मोजलीच पाहिजे.

पुण्यातल्याच ‘विदाउट’ या ब्रँडने वेगळी वाट धरली: त्यांनी चिप्सच्या पाकिटांतले प्लास्टिक काढून त्यापासून गॉगलच्या फ्रेम केल्या. २०२३ मध्ये ते गॉगल चर्चेत आले.

महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली आणि कापडी पिशव्यांचा वापर वाढला, पण बिस्किटे, चिप्स, साबण वेष्टनातूनच येत राहिले. विणलेली पिशवीही प्लास्टिक संपवत नाही, त्याला काही वर्षांचे आयुष्य देते. विणीत सूत आणि प्लास्टिक एकत्र गुंफल्यावर ती पुढे वितळवणेही अवघड होते. शिवाय सगळी मदार घरातल्या कचऱ्याच्या डब्यावर. भाजीच्या रश्शात बुडालेले पाकीट धुण्यात पाणी आणि वेळ इतका जातो की ते बाजूला टाकावे लागते. कोरडे ठेवलेले तेच पाकीट चटकन धुऊन कात्रीखाली जाते.