रेकॉर्ड प्लेयर दुरुस्तीला आणण्याआधी, आणि तेलाची बाटली उघडण्याआधी

हे पत्रक मुख्यतः तेलाबद्दल आहे. इतर गोष्टीही पुढे सांगितल्या आहेत, पण घाईत असाल तर एवढंच वाचा: जुना रेकॉर्ड प्लेयर जड फिरत असेल, थबकत असेल, आर्म (सुई धरणारा दांडा) परत येत नसेल, तर त्यात काहीही सोडू नका. शिवणयंत्राचं तेल नको, खोबरेल नको, गंज सोडवायचा फवारा तर अजिबात नको. आहे तसा घेऊन या. "थोडंसंच घातलंय हो" असं म्हणत मशीन काउंटरवर ठेवलं जातं, तेव्हा बिल वाढून गेलेलं असतं, आणि ते आम्ही वाढवलेलं नसतं.

असं का, ते जरा सविस्तर सांगतो, कारण रोज तोंडी सांगून घसा बसतो.

आपल्याकडे घराघरांत सापडतात ते गॅरार्डचे किंवा बीएसआरचे चेंजर, म्हणजे एकामागून एक रेकॉर्ड आपोआप लावणारे प्लेयर, बरेचसे रेडिओग्रामच्या (रेडिओ आणि प्लेयर एकत्र असलेल्या) कपाटात बसवलेले. यांत पट्टा नसतो. मोटरच्या दांड्यावर पायऱ्यापायऱ्यांची छोटी पुली असते. मिनिटाला ३३, ४५, ७८ फेऱ्या अशी एकेका वेगाला एकेक पायरी. एक रबरी चाक एका अंगाने त्या पुलीला टेकतं आणि दुसऱ्या अंगाने थाळीच्या आतल्या कडेला. मोटर चाकाला फिरवते, चाक थाळीला. यात कुठे दाते नाहीत, साखळी नाही. सगळी मदार रबराच्या पकडीवर. त्या रबराला नुसतं तेलकट बोट लागलं तरी थाळी घसरत घसरत फिरते. सिनेमाच्या गाण्यात हे पटकन कळत नाही. ख्यालाची एलपी (३३ वेगाची मोठी रेकॉर्ड) लावा, मागचा तंबोरा डळमळायला लागलेला ऐकू येईल.

वरवर लागलेलं तेल पुसून निघतं. पण ते रबरात मुरलं की रबर फुगतं, मऊ पडतं, आणि मग ते चाक वाचत नाही. जुन्या चाकाच्या धातूच्या तबकडीवर नवीन रबर चढवून, ते लेथवर अचूक गोल करून घ्यावं लागतं. हे काम आम्ही करून देतो आणि चांगलं करून देतो, पण वेळ लागतो. केसभर जरी चाक वाकडं झालं तरी स्पीकरमधून घरघर येते.

आता नेहमीचा प्रश्न: "पण आम्ही चाकाला नाही, खालच्या मशीनला घातलं." तेच तर. चेंजरच्या पोटात सरकत्या पट्ट्या, खटके, स्प्रिंगा आणि एक मोठं दात्यांचं चाक असतं. आर्म उचलणं, मागे नेणं, रेकॉर्ड पाडणं, सगळं तेच करतं. कारखान्यात याला ग्रीस लावलेलं होतं. चाळीस-पन्नास वर्षांत ते ग्रीस गोळीबंद पाकासारखं घट्ट झालेलं असतं. मशीन अडकतं ते कोरडं पडलं म्हणून नाही, चिकटलं म्हणून. वरून तेल सोडलं की पाक जरा सैल होतो, आर्म हलतो, घरात आनंद होतो. आठ-पंधरा दिवसांनी ते तेल आणि सुटलेलं ग्रीस मिळून खाली उतरतं, धूळ धरतं, आणि जिथे कधी ग्रीस नव्हतं तिथेही जाऊन बसतं. त्यात रबरी चाकही आलंच. फवाऱ्याचं तर विचारूच नका. तो नळीतून नेमका मारला तरी पुली, चाक, स्विच, सगळ्यांवर उडतो.

खोबरेलाची गंमत वेगळी. ते साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं. गणपतीत घातलेलं तेल दिवाळीपर्यंत ठीक चालतं आणि पुण्याच्या थंडीत डिसेंबरच्या एका सकाळी आर्म हवेतच थांबतो. मग आमच्याकडे फोन येतो: "अचानक बंद पडला."

अशा मशीनचं काम म्हणजे प्रत्येक खटका, प्रत्येक स्प्रिंग सुटी करायची, जुनं सगळं धुऊन काढायचं, सुकवायचं आणि नव्याने ग्रीस लावून जोडायचं. न छेडलेलं मशीन साधारण आठवड्यात मिळतं. तेल घातलेल्याला दोन आठवडे धरा, आणि धुलाईची मजुरी वेगळी लागते. यावर घासाघीस होते, म्हणून आधीच छापून ठेवलं.

तेल कुठेच लागत नाही असं नाही. थाळीच्या मधल्या बेअरिंगला आणि मोटरच्या दोन बुशांना (दांडा ज्यात फिरतो त्या कड्यांना) लागतं, तेही थेंबभर. ही बुशं सच्छिद्र ब्राँझची असतात. तेल त्यांच्या अंगातच मुरवलेलं असतं. कोणी मोटर पेट्रोलने किंवा थिनरने धुतली की ते आतलं तेलही निघून जातं, आणि नंतर वरून कितीही थेंब सोडले तरी मोटर तापून कुरकुरते. आम्ही बुशं कोमट तेलात बुडवून पुन्हा मुरवतो. घरी करण्यासारखं हे काम नाही असं आमचं म्हणणं नाही, करणारे करतात. पण मोटर पुन्हा सरळ बसवणं जमलं पाहिजे.

आणताना

आर्म त्याच्या स्टँडला सुती दोऱ्याने बांधा. सेलोटेप नको, रंग निघतो. थाळी उचलून निघत असेल तर काढून वेगळी गुंडाळा. क्लिपने अडकवलेली असेल आणि क्लिप ओळखू येत नसेल तर राहू द्या, स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नका. चेंजर स्प्रिंगांवर बसवलेला असेल तर वरून दोन स्क्रू दिसतील. प्रवासासाठी ते मशीन आवळून धरतील असे फिरवायचे आणि वाजवण्याआधी मशीन स्प्रिंगांवर मोकळं होईल असे. मशीन तसंच आवळलेलं राहिल्यामुळे "दुरुस्तीनंतर घरघर वाढली" अशी तक्रार घेऊन मंडळी परत येतात. रिक्षात मशीन मांडीवर घ्या, स्कूटरच्या पायाशी ठेवू नका.

वर्षानुवर्षं बंद असलेला प्लेयर "चालतो का बघू" म्हणून सरळ प्लगमध्ये लावू नका, विशेषतः व्हॉल्व्हचा (काचेच्या, दिव्यासारख्या नळ्यांचा) असेल तर. जुने कंडेन्सर गळके झालेले असतात आणि ट्रान्सफॉर्मर जळला तर तसा दुसरा मिळवणं कठीण. आम्ही पहिल्यांदा सिरीज बल्ब (जास्त वीज ओढली गेली तर ती अडवणारा, वाटेत जोडलेला दिवा) लावून हळूहळू व्होल्टेज देतो.

अमेरिकेतून आणलेल्या प्लेयरबद्दल

भाऊ किंवा मुलगी येताना घेऊन येते, स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मरही आणते, आणि तरी गाणं जड, रेंगाळत वाजतं. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्‌झ बदलत नाही. तिकडची वीज ६० हर्ट्‌झची, आपली ५० ची. जुन्या साध्या एसी मोटरचा वेग त्यावरच ठरतो. त्यामुळे ३३ च्या जागी थाळी २८ च्याही किंचित खाली फिरते आणि काळी चार पट्टीतलं गाणं पांढरी चारच्या आसपास, म्हणजे बरंच खाली, येतं. मशीन बिघडलेलं नसतं. ५० हर्ट्‌झची पुली मिळाली तर बसवतो, नाहीतर मापाने करून घेतो.

सुईबद्दल थोडं

रेकॉर्ड उड्या मारते म्हणून आर्मवर रुपयाचं नाणं ठेवायची जुनी सवय आहे. नाणं तीन ग्रॅमच्या वर भरतं. मॅग्नेटिक कार्ट्रिजची (आर्मच्या टोकाला सुई बसवलेली डबी) सुई दीड-दोन ग्रॅमवर चालते. म्हणजे वजन दुपटीहून जास्त झालं. उड्या थांबतात आणि रेकॉर्ड झिजते. उड्या मारण्याचं कारण बहुतेक वेळा आर्मच्या मुळाशी असतं, तिथेही तेच घट्ट ग्रीस.

७८ च्या रेकॉर्डची खाच रुंद, एलपीची बारीक. एलपीच्या सुईने ७८ वाजवली तर सुई खाचेच्या तळाला घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. बऱ्याच जुन्या कार्ट्रिजला दोन्ही बाजूंना सुया असतात, छोटा खटका फिरवला की बदलतात. तो फिरवून बघा. त्यासाठी दुकानात यायची गरज नाही. ७८ च्या रेकॉर्डी लाखेच्या असतात, त्या स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

पैशाचं

फोटो पाठवून "अंदाजे किती?" विचारलंत तर उत्तर मिळणार नाही. फोटोत वरची थाळी दिसते, बिघाड खाली असतो. तपासणीचे ५०० रुपये घेतो, मशीन उघडून, काय करावं लागेल ते लिहून देतो. काम आमच्याकडे दिलंत तर हे पैसे बिलातून वजा. नाही दिलंत तरी तो कागद तुमचा. दुसरीकडे दाखवायला हरकत नाही. बदललेले सगळे जुने पार्ट पिशवीत घालून परत देतो.

लाकडी पेटी नवी दिसेल इतकी चकचकीत करून देत नाही. जुनं लाख-पॉलिश वाचत असेल तर तेच साफ करून उजळतो. आरशासारखं फिनिश हवं असेल तर सुतार सुचवू. आणि मशीनची किंमत दुरुस्तीच्या खर्चापेक्षा कमी भरत असेल तर तसं तोंडावर सांगतो. तरीही बाबांचा आहे म्हणून करून घेणारे बरेच आहेत, त्यांचं काम आनंदाने करतो.

न्यायला याल तेव्हा तुमची नेहमीची एक रेकॉर्ड घेऊन या, एलपी असेल तर उत्तम. चेंजर असेल तर तीन आणा, म्हणजे एकामागून एक पडतात की नाही ते समोरच बघता येईल. एक पूर्ण बाजू ऐका, मग पैसे द्या. एलपीची एक बाजू साधारण वीस मिनिटं चालते, तेवढा वेळ काढून या. दुपारी चारनंतर गर्दी कमी असते.