जुनी जीप : घरगुती पुनरुज्जीवन व निगा

दुसऱ्या महायुद्धातील लष्करी जीप, तिच्यापासून निघालेल्या नागरी जीपा आणि भारतात परवान्याखाली तयार झालेल्या त्यांच्या आवृत्त्या मालकाने आपल्या अंगणात वा शेडमध्ये खोलून, दुरुस्त करून पुन्हा चालत्या करण्याचा व तशा राखण्याचा उद्योग. इंजिनाचे बोअरिंग (सिलिंडर आतून कातून रुंद करणे), क्रँकचे (इंजिनातील फिरत्या दांड्याचे) ग्राइंडिंग यांसारखी कामे बाहेर यंत्रशाळेत करून घ्यावी लागतात. बाकीची बहुतेक घरी जमतात, कारण मोजक्या हत्यारांनी आघाडीवरच दुरुस्ती व्हावी अशीच ही गाडी आखलेली होती. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः अमेरिकेतील विलिस-ओव्हरलँड कंपनीच्या जीपांचा, म्हणजे विलिस घराण्याचा विचार केला आहे.

मूळ आराखडा : जीपच्या जनकत्वाविषयी मतभेद आहेत. अमेरिकी सैन्याने मागवलेल्या हलक्या टेहळणी गाडीचा पहिला नमुना पेनसिल्व्हेनियातील बटलर येथील अमेरिकन बँटम कंपनीने सप्टेंबर १९४० मध्ये सादर केला. आराखडा कार्ल प्रॉब्स्ट यांचा होता. सैन्याने तो विलिस-ओव्हरलँड व फोर्ड यांनाही पाहू दिला आणि त्यांचे नमुने मागाहून आले. १९४१ मधील मोठे कंत्राट विलिसला मिळाले. डेल्मर रूस यांनी सुधारलेले ‘गो-डेव्हिल’ हे ६० अश्वशक्तीचे इंजिन त्याचे एक प्रमुख कारण होय. सैन्याच्या अभियंत्यांनी घातलेल्या अटींमुळेच गाडीला रूप आले, असे एक तिसरे मतही मांडले जाते. ‘जीप आम्ही निर्माण केली’ या विलिसच्या जाहिरातींना अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या व्यापार-नियामक संस्थेने १९४८ मध्ये मनाई केली. एकंदर मांडणी बँटमची, इंजिन विलिसचे आणि पत्रा दाबून केलेली पुढची जाळी फोर्डची, असे मानणे पुराव्याला अधिक धरून आहे.

जुनी गाडी ओळखण्यासाठी हा वाद उपयोगी पडतो. विलिस एमबी व फोर्ड जीपीडब्ल्यू या युद्धकालीन जीपांचे भाग परस्परांत बसत. मिळून सहा लाखांहून अधिक गाड्या निघाल्या आणि लष्करी वर्कशॉपांत त्यांची सर्रास सरमिसळ झाली. अशा वेळी चासीचा (गाडीच्या पोलादी सांगाड्याचा) पुढचा आडवा दांडा पाहावा. तो गोल नळीचा असेल तर चासी विलिसची, चौकोनी घडणीचा असेल तर फोर्डची. फोर्डच्या कित्येक बोल्टांच्या माथ्यावर ‘एफ’ हे अक्षर उठवलेले असते. विलिसच्या अगदी आरंभीच्या गाड्यांना पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. नऊ खाचांची जाळी लष्करी व सात खाचांची नागरी, हा ठोकताळा बहुधा खरा ठरतो, पण जाळी ही सर्वांत सहज बदलता येणारी वस्तू असल्याने केवळ तिच्यावर विसंबू नये.

भारतातील जीपा : १९४५ नंतर येथे शिल्लक राहिलेल्या लष्करी गाड्या आणि पुढे मुंबईत जोडलेल्या गाड्या असे दोन मुख्य प्रवाह दिसतात. महिंद्र कंपनीच्या जीप-उद्योगाच्या आरंभाचे साल काही ठिकाणी १९४७, तर काही ठिकाणी १९४९ असे देतात. सुट्या भागांच्या आयातीचा प्रारंभ व माझगाव येथील जोडणीचा प्रारंभ या दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्याने हा फरक पडत असावा. सीजे-३बी ही उंच बॉनेटची जीप अमेरिकेत १९५३ मध्ये आली. तिच्यातील हरिकेन इंजिनात इनटेक व्हॉल्व्ह (हवा व पेट्रोल आत घेणारी झडप) सिलिंडरवरच्या हेडमध्ये गेल्याने इंजिनाची उंची वाढली व बॉनेट उचलावे लागले. भारतात हीच घडण अमेरिकेपेक्षा बराच अधिक काळ टिकली. पुढे फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्याखालील एक्सडीपी ४.९० हे डिझेल इंजिन आले आणि १९८० च्या दशकात महिंद्रच्या एमएम ५४० सारख्या गाड्यांत रूढ झाले.

‘मूळ’ म्हणजे काय : भारतातील बहुतेक जुन्या जीपांचे पेट्रोल इंजिन केव्हातरी उतरवून डिझेल इंजिन बसवलेले असते. टप (चासीवर बसवलेली पत्र्याची बॉडी) बदललेला असतो, क्वचित चासी लांबवलेलीही असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपातील व चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न केलेले वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. अशा वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात आणि ते रोजच्या वापरासाठी नसते. नव्या चकचकीत टपापेक्षा जुना, ठिगळ लावलेला पण त्याच गाडीचा टप अधिक मोलाचा, हे मत ट्यूरिन सनदेशीही जुळते. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने ही सनद स्वीकारली असून तिच्यात जतनाला पुनर्निर्मितीपेक्षा अग्रक्रम आहे. हरियाणातील मंडी डबवाली येथे तयार होणाऱ्या मोठ्या चाकांच्या सजवलेल्या जीपा या अर्थाने पुनरुज्जीवनात मोडत नाहीत. तो स्वतंत्र व्यवसाय आहे.

काम : आरंभ गंजापासून करावा. लष्करी टपाच्या तळाशी मजबुतीसाठी लावलेल्या पोकळ पट्ट्यांत लाकूड भरलेले असते. ते पाणी धरून ठेवते व पत्रा आतून सडवते. पेट्रोलची टाकी चालकाच्या सीटखालच्या खळग्यात असते आणि तेथेही पाणी साचते. कोकणात राहिलेल्या गाडीत ही दोन ठिकाणे वरून रंग शाबूत असला तरी टोचून पाहावीत.

आट्यांचा प्रश्न नवशिक्याला सर्वांत महाग पडतो. विलिसचे नटबोल्ट इंची मापाचे, तर प्यूजो इंजिनाचे मिलिमीटरचे. त्यामुळे डिझेल केलेल्या जीपला पान्यांचे दोन्ही संच लागतात, आणि इंची भोकात मिलिमीटरचा बोल्ट रेटला की आटे जातात. त्यातही विलिसच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. स्टडच्या (नट ज्यावर बसतो त्या आट्यांच्या सळईच्या) टोकावरील ‘एल’ ही खूण गंजाखाली दिसत नाही. मग नेहमीप्रमाणे डावीकडे फिरवत पान्यावर पाय देऊन उभे राहिले की नट आणखी आवळला जातो व स्टड तुटतो. म्हणून तारेच्या ब्रशने टोक घासून खूण आधी पाहावी.

गो-डेव्हिलचे बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ३⅛ इंच व स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४⅜ इंच असतो. सिलिंडर झिजले असल्यास बोअर करून ओव्हरसाइझ म्हणजे किंचित मोठे पिस्टन घालतात. युद्धकालीन इंजिनात टायमिंगची (व्हॉल्व्ह ठरल्या वेळी उघडवणारी) साखळी होती, पुढे नागरी इंजिनांत गिअर आले. त्यामुळे भाग मागवताना नुसते ‘विलिसचे टायमिंग’ सांगून भागत नाही. फायरिंगचा (सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा) क्रम १-३-४-२, आणि डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंटची फट सुमारे ०.०२० इंच ठेवतात. पुण्यातील नाना पेठ व दिल्लीतील काश्मीरी गेट या बाजारांत सुटे भाग मिळतात. त्यांतील नव्याने ओतलेल्या भागांची मापे बसवण्यापूर्वी तपासून घ्यावीत.

स्टीयरिंगची थरथर बहुधा पुढच्या एक्सलच्या किंगपिन (चाक ज्यावर वळते त्या खुंटीच्या) बेअरिंगमुळे येते. वरखाली असलेल्या झाकणांखालील शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) काढून ढिलेपणा घालवतात. शिम एकाच बाजूने काढल्यास नकल (चाक धरणारा वळता सांधा) मध्यातून सरकते. स्टीयरिंग बॉक्स उगीच आवळण्याची पद्धत चुकीची होय.

निगा : गिअरबॉक्स व ट्रान्सफर केस (पुढच्या व मागच्या एक्सलांना शक्ती वाटणारी पेटी) यांतील तेल एकीकडून दुसरीकडे झिरपते, म्हणून दोन्हींची पातळी पाहावी लागते. वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल २०२३ पासून पंपांवर येऊ लागल्यावर जुने रबरी पाइप व इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातील पडदे फुगू वा तडकू लागले. इथेनॉल हवेतील ओल शोषत असल्याने उभ्या गाडीच्या टाकीत गंजही धरतो. इथेनॉल सोसणारे पडदे व पाइप घालणे आणि गाडी दीर्घकाळ उभी राहणार असल्यास कार्ब्युरेटर रिकामा करणे हे उपाय आहेत.

विलिस घराण्याबाहेरची, निसान कंपनीच्या ‘पॅट्रोल’ या गाडीच्या परवान्यावर जबलपूर येथे तयार झालेली जोंगा ही जीपपेक्षा मोठी, सहा सिलिंडरची गाडी आहे. लष्करी लिलावांतून ती खासगी हातांत येते. पेट्रोलच्या खपामुळे तिच्यातही डिझेल इंजिन घालण्याची प्रथा आहे.