ताणाखालच्या वनस्पती आणि ऑटोफॅजी : पार्श्वभूमी

साखर नसलेल्या पोषक माध्यमात तंबाखूच्या पेशी स्वतःचाच पेशीद्रव पचवतात, हे १९९६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. पेशीने स्वतःचेच घटक असे पचवणे म्हणजे ऑटोफॅजी. पण तिच्याविना वनस्पतीचे काय अडते, हे कळायला ती घडवणाऱ्या यीस्टमधल्या जनुकांचा धागा धरावा लागला. २००२ मध्ये अरॅबिडॉप्सिसमध्ये (प्रयोगशाळेत सर्रास वापरले जाणारे मोहरीवर्गीय छोटे रोप) तशीच जनुके निकामी करून पाहिली गेली. खतपाणी नीट असताना ती रोपे फुलली, त्यांनी बीही धरले. फक्त पाने लवकर पिवळी पडली. नायट्रोजन बंद करताच मात्र ती कोलमडली.

खरा वाद पेटला तो पुढे: ऑटोफॅजी पेशीला वाचवते की मारते? रोगाचा शिरकाव झाला की वनस्पती त्या जागेच्या पेशी मुद्दाम मारते आणि रोग तिथेच कोंडते. २००५ मधल्या प्रयोगात तंबाखूवर्गीय रोपात ऑटोफॅजी दाबली, तर हा मृत्यू ठिपक्यापुरता राहिला नाही. निरोगी भागातही पसरला. म्हणजे ऑटोफॅजी मृत्यूला लगाम घालते. २००९ मध्ये अरॅबिडॉप्सिसमध्ये नेमके उलटे दिसले: काही जीवाणूंच्या बाबतीत ती नसताना पेशी कमी मेल्या. त्याच वर्षी तिसरा धागा हाती आला. ऑटोफॅजी नसलेल्या रोपांत सॅलिसिलिक आम्ल (रोगाशी लढण्याचा इशारा देणारे संप्रेरक) बेसुमार साठते, ते हटवले की अकाली पिवळेपणा थांबतो. माझ्या मते कळीचा मुद्दा हाच. ऑटोफॅजी नसलेले जुने पान मुळातच ताणाने भरलेले असते, तेव्हा पानाचे वय न पाहता केलेली तुलना फसवीच ठरणार. मरणाऱ्या पेशीत ऑटोफॅजीच्या पिशव्या दिसल्या, एवढ्यावरून ऑटोफॅजीला मारेकरी ठरवणे घाईचे होते, आणि त्या घाईने बराच काळ वाया गेला.

दुष्काळ, क्षार, उष्णता यांवरचे काम तोवर पुढे सरकले होते. उष्णतेने बिघडलेल्या प्रथिनांच्या गुठळ्या एनबीआर१ हे प्रथिन हेरते आणि रिक्तिकेकडे, म्हणजे पेशीतल्या पचन करणाऱ्या मोठ्या पिशवीकडे, पोचवते. ते नसेल तर रोप उष्णता नीट सोसत नाही, हे २०१३ पर्यंत स्पष्ट झाले. अतिनील किरणांनी भाजलेली हरितलवके अख्खीच गिळली जातात, हे २०१७ मध्ये दिसले. पुढच्याच वर्षी अरॅबिडॉप्सिसमध्ये ऑटोफॅजी वाढवल्यावर बी आणि तेल दोन्ही वाढले, आणि पिकांबाबतच्या आशा उंचावल्या.

पण २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. उष्णतेचा तडाखा ओसरल्यावर ऑटोफॅजी संरक्षक प्रथिनेही मोडून टाकते. ती बंद असलेली रोपे पहिला तडाखा जास्त काळ लक्षात ठेवतात आणि दुसरा अधिक चांगला सोसतात.