बॅरल कॅक्टस कापला की पाणी मिळतं? नाही मिळत!

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या सोनोरन वाळवंटात डोंगर चढायला जाणाऱ्यांना हमखास सांगतात की पाणी संपलं तर बॅरल कॅक्टस (पिंपासारखा जाडजूड निवडुंग) कापा, आत पाणी भरलेलंच असतं. अहो, आत टाकीबिकी काही नसते, असतो तो ओला चिकट गर, आणि तो पिळून जो कडवट रस निघतो त्यात बऱ्याच जातींत ऑक्झॅलिक अ‍ॅसिड आणि अल्कलॉइड्स अशी अपायकारक द्रव्यं असतात, म्हणजे उलट्या, जुलाब, अंगात उरलंसुरलं पाणीपण जातं. काट्यांशी झटापट करताना घाम जातो तो वेगळाच. फिशहूक बॅरल ही जात त्यातल्या त्यात सौम्य, पण तहानेने जीव कासावीस झालेला माणूस जात ओळखत बसणार का? आडबाजूच्या ट्रेलहेडला (डोंगरवाट सुरू होते तिथे) बहुतेक वेळा नळ नसतो, त्यामुळे माणशी दिवसाला किमान ४ लिटर पाणी गाडीतूनच न्या, उन्हाळ्यात अजून जास्त.